ससाण्याचा आवाज

न्हाव्याचा वस्तरा नानांच्या हनुवटीखाली आला आणि थांबला. तिथून खाली गळ्याला बांधलेला जाळीदार रुमाल होता, आणि रुमालाआड श्वास घ्यायचं भोक. न्हाव्याने दोन बोटांनी रुमालाची कड जरा खाली धरली, वस्तरा आडवा केला आणि फेस अलगद काढू लागला.

मागच्या बाकावर एका सिनेमावरून वाद रंगला होता.

“मेलाय तो. बोट फुटली, सगळ्या समुद्राला आग लागली, आता काय उरलं?”

“प्रेत दाखवलं का? प्रेत दाखवल्याशिवाय माणूस मेला असं धरायचं नसतं.”

“मग इतके दिवस आहे कुठे? पोहतोय?”

“गुप्तहेर आहे तो. तुला पत्ता कळवून जाईल का?”

ससाणा हे त्या सिनेमातल्या गुप्तहेराचं टोपणनाव. सिनेमा परदेशी, नट परदेशी. पण इथल्या लोकांच्या कानात ससाणा बोलायचा तो नानांच्या आवाजात. पहिल्या भागापासून पाचव्यापर्यंत नानांनीच त्याला बोलतं केलं होतं. पडद्यावर चेहरा नटाचा, त्यामुळे रस्त्याने जाताना नानांकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. मात्र दुकानात “अर्धा किलो साखर” म्हटलं की शेजारचं गिऱ्हाईक दचकून वर बघायचं. नानांना त्याची गंमत वाटायची. वाण्याला ऐकू गेलेलं असलं तरी ते मुद्दाम पुन्हा म्हणायचे.

गेल्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला.

“अरे, भांडता कशाला?” न्हावी बाकाकडे न वळता म्हणाला. “खुद्द ससाणा इथे खुर्चीत बसलाय.”

आरशात एकदम चार चेहरे पुढे झुकले.

“हे? खरंच? काका, एक डायलॉग बोला ना!”

“बोलायचं नाही त्यांना सध्या. ऑपरेशन झालंय. सहाव्या भागासाठी गळा सांभाळतायत. काय नाना?”

नानांना नाही म्हणायचं होतं. पण वस्तरा गळ्याशी असताना मान हलवता येत नाही. वस्तरा बाजूला होईपर्यंत बाकावर निकाल लागून गेला होता.

“म्हणजे सहावा येतोय!”

“म्हणजे ससाणा जिवंत आहे! सांगत नव्हतो?”

न्हाव्याने टॉवेल झटकला. सगळे इतके खुशीत होते की नानांनी उठताना नुसताच हात जरासा वर केला.

सहावा भाग खरोखरच येत होता. महिन्याभराने स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्ट बाईंचा फोन आला. फोन बायकोने घेतला आणि स्पीकरवर टाकला.

“नानांना सांगा, कंपनीला तोच आवाज हवाय. लोक हट्टाला पेटलेत, दुसरा चालणार नाही म्हणतात. मी सगळं सांगितलं त्यांना. आता तोच नाही तर निदान तसा तरी द्या म्हणतात. एक माणूस निवडलाय. नाना येऊन नुसते ऐकतील का? भिडेपोटी येऊ नका म्हणावं.”

“जायलाच हवं असं नाही,” फोन ठेवून बायको म्हणाली.

नाना शर्टाची बटणं लावत होते.

काचेपलीकडे मायक्रोफोनसमोर एक हडकुळा, तिशीतला माणूस उभा होता. नाना दिसताच तो हेडफोन काढून बाहेर आला.

“शाळेत असल्यापासून तुमची नक्कल करतोय मी,” तो म्हणाला. “पण तुमची जागा नको होती मला, नाना. सहावा भाग मला तुमच्याच आवाजात ऐकायचा होता. आता मलाच बोलायचं म्हटल्यावर ऐकणार काय?”

नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला काचेपलीकडे ढकललं.

प्रसंग असा होता. ससाणा समुद्रातून वाचलाय. कुठल्याशा बंदरावरून तो बायकोला फोन लावतो. ती त्याला मेलेला समजून बसलेली. ती फोन उचलते आणि तो म्हणतो, “मी आहे.” एवढंच.

हडकुळ्याने म्हटलं, “मी आहे.” छाती भरून, खर्जातून. सिनेमागृहात शिट्ट्या पडाव्यात असं.

नानांनी मान हलवली.

त्याने पुन्हा म्हटलं. मग हळू म्हटलं. मग घोगरं. नानांची मान हलतच राहिली. तो काचेपलीकडे घामाघूम झाला.

“काय चुकतंय नाना?” रेकॉर्डिस्ट बाईंनी खुर्ची वळवली. नानांचे ओठ हलले. “हळू? हळू नाही? काय... लाल? लाज? लाज वाटल्यासारखं?”

नानांनी जोरात मान डोलावली. मेला म्हणून ज्याच्यासाठी सगळ्यांचं रडून झालं, तो माणूस परत आलाय. घरच्यांना इतकं रडवलं याची त्याला लाज वाटतेय. नानांनी हे सगळं हातांनी सांगायचा प्रयत्न केला. डोळ्यांवरून बोटं ओढली, छातीला हात लावला, खांदे पाडून दाखवले. काचेपलीकडचा माणूस टक लावून बघत राहिला. मग त्याचेही खांदे पडले.

“मी आहे,” तो म्हणाला.

बाईंचा हात बटणावर तसाच राहिला.

“हेच,” त्या नानांकडे न बघता म्हणाल्या.

नानांनी अंगठा वर केला. काचेपलीकडच्या माणसाने बघितलं, तो हसला, पाणी प्यायला, त्याने पुढचं वाक्य सुरूही केलं. नानांचा अंगठा वरच होता.

ट्रेलर आला त्या दुपारी नाना जेवून आडवे झाले होते. खालून हाकांचा गलका आला म्हणून ते पुढच्या खोलीच्या खिडकीशी गेले. रस्त्यावर न्हावी होता, गळ्यात टॉवेल तसाच. बरोबर बाकावरची मंडळी, आणि आणखीही कुणी कुणी.

“नाना! ऐकलं! अंगावर काटा आला!”

“दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार नाही हे! जुनं ते सोनं!”

“इंटरनेटवर बघा, लोक वेडे झालेत! आमचा आवाज परत आला म्हणतायत!”

कंपनीने आवाज कुणाचा ते कुठेच छापलं नव्हतं. नानांनी खिडकीतून मान हलवली. दोन्ही हात पसरून, नाही, मी नाही, असं केलं. मग छातीवर बोट ठेवून पुन्हा नाही.

“बघा, केवढा माणूस आणि किती साधा!” न्हावी सगळ्यांना म्हणाला, आणि खालचे सगळे हात हलवू लागले.

आता बायकोनेच खाली जाऊन सांगायला हवं होतं. नानांनी टाळी वाजवली. बोलवायची त्यांची तीच रीत झाली होती. उत्तर आलं नाही. ते आत गेले.

बायको पलंगाच्या कडेला दाराकडे पाठ करून बसली होती. फोन कानाला लावलेला, मान किंचित कललेली, जसं कुणी दूरच्या माणसाशी बोलताना बसावं. फोनमधून आलं, “मी आहे.” तिचा अंगठा हलला. पुन्हा आलं, “मी आहे.”

नानांना खाकरता येत नव्हतं. ते दारात उभे राहिले. मग त्यांनी चौकटीवर बोटाने टकटक केली.

ती दचकली. चोरी पकडल्यासारखा फोन तिने पदराखाली घेतला. मग तिलाच ते कसंसं वाटलं असावं. तिने तो बाहेर काढून मांडीवर ठेवला.

“तुम्ही नाही ते,” ती म्हणाली. “पहिल्या शब्दालाच कळलं मला. कुठे वेगळं आहे तेही सांगता येईल.”

नानांनी मान डोलावली.

पण कुठे वेगळं आहे ते तिने सांगितलं नाही. खाली कुणीतरी शिट्टी मारली. न्हावी मोठमोठ्याने कुणाला तरी सांगत होता की ससाण्याची दाढी गेली कित्येक वर्षं हे हात करतायत.

“अजून एकदा लावू का?” तिने विचारलं.

नाना तिच्या शेजारी बसले. तिने फोन दोघांच्या मधे धरला, दोघांना ऐकू जाईल असा. नानांनी तिचं मनगट धरून तो हळूच तिच्या कानाकडे सरकवला.