चौथं बोट

त्याने ‘सायंकाळचे अश्रू’वर काट मारली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून पेन्सिल आडवी धरून अक्षर न अक्षर काळं केलं. असलं शीर्षक आपल्या हातून कागदावर उतरलं याचीच त्याला शिसारी आली. अश्रू, सावल्या, पानगळ, एकाकी नौका. ज्यांना दोन सूर धड जोडता येत नाहीत ते असली नावं देतात आणि ज्यांना ऐकता येत नाही ते त्यावर माना डोलावतात, असं त्याचं स्वच्छ मत होतं.

रचना मात्र झाली होती. पियानोसाठी, संथ, गंभीर, जेमतेम अडीच मिनिटांची. याआधीच्या प्रत्येक रचनेने त्याला वर्ष वर्ष रडवलं होतं आणि शेवटी ती टपालाने साभार परत आली होती. ही अकरा दिवसांत, बसल्या बसल्या उतरली आणि नव्या रचनांच्या संग्रहात पहिल्या फटक्यात निवडलीही गेली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी! संपादकबाईंना आता फक्त शीर्षक हवं होतं, तेही आज पाचच्या आत. नाहीतर नुसता क्रमांक घालून छापू, असं त्यांनी सकाळी फोनवर ऐकवलं होतं.

“आणि अजून एक,” त्या म्हणाल्या होत्या, “पहिल्या ओळीत तुम्ही बोटांचे आकडे दिलेत ना, तिथे जिकडे तिकडे चौथं बोट आलंय. तिसऱ्याने किती सोपं जातं ते. बदलू का?”

“ज्याला कळत नाही त्याने बदलू नये,” असं म्हणून त्याने फोन ठेवला होता.

अंगठा एक, करंगळी पाच. चौथं म्हणजे करंगळीच्या शेजारचं, पाचांत सगळ्यात दुबळं आणि आळशी बोट. हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण तिथे चौथंच हवं होतं. का, ते समजावत बसायला तो काही बालवाडी चालवत नव्हता.

बालवाडी चालवायची त्याची बायको. याच पुढच्या खोलीत, याच पियानोवर, दुपारी तीन ते सात, बत्तीस वर्षं. आसपासची झाडून सगळी पोरं तिच्या हाताखालून गेली. वाहती नाकं, चिकट बोटं, आणि एकच ओळ वीस वीस वेळा. भिंतीपलीकडे हा कानात कापसाचे बोळे कोंबून कोऱ्या कागदासमोर बसलेला. त्या टिंगटिंगीने आपल्यातला कलावंत खाल्ला, हे त्याने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता त्यात शंकेला जागाच नव्हती. जिन्यात भेटणारी माणसं त्याला ‘बाईंचे मिस्टर’ म्हणून ओळखत. आया थांबवून विचारत, आमची कशी वाजवते हो? तो म्हणे, मी ऐकत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात नाही. शिकवणी बंद पडली, पियानो मोकळा झाला. चारचौघांत तो ‘वाईट झालं’ म्हणायचा. पण दुपारी तीन वाजता पियानोचं झाकण उघडताना त्याला जे वाटायचं ते वाईट नव्हतं.

ती आता खिडकीशी खुर्चीत बसून असे. डॉक्टरांनी बोटं हलवत राहायला सांगितलं होतं. म्हणून खुर्चीच्या लाकडी हातावर तिचं टक... टक... टक... चाललेलं असे. धड लय नाही, धड थांबणं नाही.

“ते बंद कर ना जरा,” तो म्हणाला. “इथे शीर्षक सुचत नाहीये.”

“करते,” ती म्हणाली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

साडेतीनला बेल वाजली. दारात एक चाळिशीची बाई फुलं घेऊन उभी होती. तिने ओळख सांगितली: लहानपणी इथे शिकायला यायची, आता दातांची डॉक्टर आहे. पाच वर्षं पियानो शिकून शेवटी लोकांच्या दाढा उपटायच्या! बायकोच्या विद्यादानाचं याहून चोख फळ त्याला शोधून सापडलं नसतं.

डॉक्टरीण आपल्या जुन्या बाईंच्या पायाशी बसली, त्यांचा उजवा हात हातात घेऊन गप्पा मारू लागली. बोलता बोलता तिची नजर पियानोवरच्या कागदांकडे गेली.

“अय्या, काका, तुम्हीपण वाजवता?”

हे ‘पण’ त्याला चांगलंच झोंबलं. तो उठला, स्टुलावर बसला, बाह्या सारख्या केल्या. या दात उपटणारीला संगीत म्हणजे काय ते एकदा कळू दे, असं ठरवून त्याने पहिल्या सुरावर चौथं बोट ठेवलं.

त्याने फार चांगलं वाजवलं. तळातले डाव्या हाताचे सूर घंटेसारखे पसरले आणि वर ती एकच ओळ, उठायला नको म्हणत असल्यासारखी, पुन्हा पुन्हा उठत राहिली. मध्येच त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. डॉक्टरणीची बोटं तिच्या पर्सवर हलत होती. कंटाळली असणार. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणून तो शेवटापर्यंत गेला.

“बाई!” डॉक्टरीण हसून म्हणाली. “हे तर आपलं चौथ्या बोटाचं!”

“काय?” तो म्हणाला.

“आमचा धडा हो. ज्यांचं चौथं बोट उठायचं नाही त्यांच्यासाठी बाईंनी केलेला. तिसरं लावलं की पुन्हा पहिल्यापासून! तुम्ही इतकं हळू का घेता पण?”

आणि तिने त्याच्या खांद्यावरून हात पुढे करून ती ओळ वाजवून दाखवली. चटपटीत, शाळा सुटल्यासारखी. सूर न सूर तोच. दर वेळी एका पांढऱ्या पट्टीच्या जागी त्याने शेजारची काळी घेतली होती, वरच्या ओळीत त्याचं स्वतःचं होतं ते तेवढंच.

“योगायोग असेल,” तो म्हणाला.

त्याचा चेहरा पाहून डॉक्टरणीचं हसू मावळलं. चहा निम्मा ठेवून, पुन्हा येते म्हणून ती निघाली. दार लागलं तरी तो पाठमोराच होता. बत्तीस वर्षांची पोरं त्याच्या डोळ्यांसमोर आली. दातवाले, दुकानदार, कारकून, कुणी न् कुणी तो संग्रह उघडणार आणि हसणार, बाईंचे मिस्टर म्हणून. आजवर त्याने खूप जणांना तुच्छ लेखलं होतं. त्या सगळ्यांत शोभेल असा माणूस आज पियानोसमोर बसला होता.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं.

“पहिल्या दिवशीच कळलं.”

“मग बोलली का नाहीस?”

आजारपणानंतर तिला शब्द जुळवायला वेळ लागे.

“मला वाटलं, तुम्ही मुद्दाम घेतलंत,” ती म्हणाली. “माझ्यासाठी.”

तो वळला.

“माझं बोट आता एवढंच उठतं ना. मी रोज तोच धडा करते इथे, या लाकडावर. तुम्ही वाजवायला बसलात की बरोबर त्याच गतीने घ्यायचात. म्हटलं, बोलून नाही दाखवत, पण सोबत करताहेत.” मग म्हणाली, “नाहीतर मी केव्हाच सोडून दिलं असतं, अहो.”

ज्या टकटकीला तो रोज दटावत होता तिच्यातूनच त्याने ती गंभीर गती उचलली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की ‘नाही’ म्हणायला तोंड उघडेना, आणि ‘हो’ म्हणायलाही.

फोन वाजला. पाचला दहा मिनिटं कमी होती.

“ठरलं का?” संपादकबाईंनी विचारलं.

“लिहून घ्या,” तो खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “चौथ्या बोटासाठी.”

“जरा घरगुती नाही वाटत?”

“वाटू दे. आणि खाली लिहा, मूळ धडा माझ्या पत्नीचा.” त्याने तिचं नाव सांगितलं. ते सावकाश, पूर्ण, एकेक अक्षर करून सांगावं लागलं.

“बरं. मग ते आकडे? तिसरं करायचं ना?”

“नाही. तिसरं लावलं तर पुन्हा पहिल्यापासून.”

फोन ठेवून तो स्टुलावर बसला. ती मांडीवरच्या हाताकडे पाहत होती, तिच्याकडे पाहायचं त्याने टाळलं.

“सुरू कर,” तो म्हणाला.

तिने डाव्या हाताने उजवा उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला. बोट उठायला बराच वेळ लागला. पट्टीवर बोट ठेवून तो थांबून राहिला.