भट्टीचा खालचा सूर

शाहूपुरीत पंपाच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा जिनेश मगदूम गिऱ्हाइकाच्या हातातला झिजलेला वॉशर बघून पंपाचं वय सांगायचा. स्वतःचं वय विचारलं की मात्र गल्ल्यात काहीतरी शोधायला लागायचा. अशा माणसानं केस विरळ झाल्यावर हेवी मेटल या दणदणाटी इंग्रजी संगीतातली लीड गिटार शिकायला क्लास लावला, तेव्हा बाजाराला पहिली शंका आली ती शुगरची. डॉक्टरनं छंद लावून घ्यायला सांगितलं असणार, असं म्हणून शेजारच्या दुकानदारांनी विषय परस्पर मिटवून टाकला.

खरं कारण मेलबर्नला होतं. त्याचं नाव राजवर्धन, जिनेशचा राज्या. कॉलेजात असताना या दोघांनी शिरोलीत, राजवर्धनच्या चुलत्याच्या फाउंड्रीतल्या बंद शेडमध्ये, इंग्रजी बँडांच्या कॅसेटी ऐकून ऐकून स्वतःची एक चाल बसवली होती. तिचं नाव भट्टी. मेटलमध्ये कधीकधी दोन गिटारी एकच चाल जोडीनं वाजवतात, एक वरच्या सुरात आणि एक खालच्या. वरचा भाग राजवर्धनचा, खालचा जिनेशचा. ही वाटणी कुणी केली म्हणून विचारलं तर दोघंही सांगायचे, आपोआप झाली. आपोआप झालेल्या वाटणीत वरचं कुणाला मिळतं, हे शाहूपुरीत कुणाला शिकवायला नको.

गॅदरिंगला टाळ्या पडल्या, राजवर्धन ऑस्ट्रेलियाला गेला आणि जिनेशकडं खालचा भाग उरला. तो त्यानं जपला. रविवारी दुपारी जेवण झालं की गिटार काढायचा आणि तेवढंच वाजवायचा. पण खालचा भाग एकटा वाजवला की चाल ओळखू येत नाही. कुणीतरी चांगलं गाणं चुकीच्या सुरात म्हणतोय असं वाटतं. बायको आदिती लग्न झाल्यापासून असंच समजत आली होती, की नवऱ्याला एकच गाणं येतं आणि तेही बेसूर. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. घरात अहिंसा पाळतात ती अशी.

आता स्वतःच्या पुतणीच्या लग्नाला राजवर्धन येणार होता. फोन ठेवता ठेवता म्हणाला, एकदा गिटारी घेऊन बसू की. तो सहज बोलला आणि यानं क्लास लावला.

शिकवणारी मोना त्याच्या मुलीच्या वयाची. तिनं आधी बेंड शिकवायला घेतला, म्हणजे दाबलेली तार बोटानं ताणून सूर वर चढवायचा. जिनेश ताणायचा, पण सूर पोचायच्या जरा अलीकडंच थांबायचा. एका बोटावर सगळा भार टाकू नका काका, मागची दोन बोटं लावा, जोर मनगटातनं येऊ दे, असं ती रोज सांगायची. मग चढलेल्या सुराला कंप द्यायचा, घाई न करता, एकसारखा. जिनेश दुकानात गिऱ्हाईक नसलं की काउंटरच्या कडेवर मनगट फिरवत बसायचा. बोटांची टोकं आधी सोलली, मग निबर झाली आणि एके दिवशी तार नेमक्या सुरावर जाऊन उभी राहिली. मोनानं मान डोलावली, पण तिला चैन पडेना. हे अर्धंच वाटतंय, वरचा भागपण तुम्हीच शिका की, असं ती म्हणाली.

"वरचं राज्याचं हाय," जिनेश म्हणाला. सातबारा दाखवल्यासारखा.

राजवर्धन लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जिनेशच्या घरी आला. आदितीला चॉकलेटं दिली, पोहे खाल्ले, तिकडच्या घरांचे भाव सांगितले. जिनेशनं मोनाकडून दुसरी गिटार आणून, जुळवून, कोचावर ठेवली होती. ती राजवर्धननं पाहुण्याचं तान्हं पोर घ्यावं तशी मांडीवर घेतली, दोन तारा छेडल्या आणि हसत बाजूला ठेवली.

"बोटं गेली लेका. तूच वाजव की, जिन्या."

जिनेशनं भट्टी वाजवली. खालचा भाग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही बेंड अलीकडं थांबला नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो मित्राच्या तोंडाकडं बघत होता. गुणगुणेल, निदान बोटं तरी हलतील. राजवर्धन डोळे मिटून, मान हलवत, अगदी मनापासून ऐकत होता.

"भारी," तो म्हणाला. "नवीन बसवलंस?"

जिनेशनं तारांवर हात ठेवला. त्या शेडमध्ये राजवर्धननं सगळी वर्षं फक्त स्वतःला ऐकलं होतं, हे त्याला आता कळलं. पण पावण्याला हिशेब मागायची घरची रीत नव्हती.

"व्हय," तो म्हणाला. "नवीनच हाय."

त्या आठवड्यात दुसरी गिटार परत द्यायला गेला तेव्हा जिनेशनं मोनाला वरचा भाग गुणगुणून दाखवला. एकही जागा चुकली नाही. तो बोटांत यायला फारसा वेळ लागला नाही, कारण वरचा भाग खालच्यापेक्षा सोपा निघाला. मोनानं तो एका यंत्रात रेकॉर्ड केला, परत लावला आणि जिनेशनं त्याच्याखाली आपला भाग वाजवला. दोन्ही सूर कसे बरोबर बसले. मोना खूश झाली.

जिनेश म्हणाला, पुसून टाक.

मोनाला काही कळेना. काय कमी पडतंय ते जिनेशला कळलं होतं. राजवर्धन सगळ्यात वरच्या सुराकडं कायम जरा आधीच उडी मारायचा आणि जिनेशची त्याला गाठताना धांदल उडायची. त्यानं वरचा भाग पुन्हा रेकॉर्ड केला आणि त्या जागेवर हात मुद्दाम पुढं पळू दिला.

"काका, ताल सुटतोय."

"सुटू दे."

मग यंत्र परत लावलं आणि आपला खालचा भाग घेऊन तो त्याच्या मागं धावत सुटला.