गंगाधरचा उजवा पाय

रविवारची दुपार देवानं माणसाला जेवून आडवं व्हायला दिली आहे, पण अच्युतला ती बावीस वर्षांत कधी मिळाली नाही. आठवडाभर सरकारी कचेरीत फायली उपसायच्या आणि रविवारी गिटार खांद्याला अडकवून रायपुरातल्या पंडरी बाजारात एका कापड-गोदामाच्या माडीवर हजर व्हायचं. तिथं हिरालालच्या ऑर्केस्ट्राची तालीम चाले. भिंतींना कापडाच्या गाठी रचलेल्या, त्यामुळे आवाज घुमत नसे, तेवढीच सोय. पंखा एक, आणि तोही हिरालालच्या डोक्यावर. रायपूर राजधानी झालं तशी कचेरीतली कामं दुप्पट झाली आणि लग्नाच्या सुपाऱ्याही दुप्पट झाल्या. माणूस मात्र एकच राहिला, तोही त्रेपन्न वर्षांचा. थकला होता बिचारा, अगदी हाडांपर्यंत थकला होता.

तरी सुटत नव्हतं, कारण प्रत्येक कार्यक्रम त्याच्या धुनेनं सुरू व्हायचा. ती त्यानं स्वतः बांधलेली होती, आणि तिच्यात बोटांचं काम थोडं, पायाचं जास्त. पायाशी इफेक्टची पेटी असे. एक बटण दाबलं की सूर ठोक्याठोक्याला उघडझाप करी, दुसरं दाबलं की एका गिटारीच्या दोन झाल्यासारख्या वाटत, आणि तिसरं होतं इकोचं. वाजवलेला सूर पाऊण ठोक्यानं परत येई आणि अच्युत पुढचा सूर बरोबर मधल्या फटीत बसवी. पण ठोका केवढा, हे पेटीला आधी सांगावं लागे. शेवटचं बटण पायानं लयीत तीन-चारदा दाबलं की पेटी ती लय धरे, आणि एकदा धरली की मरेस्तोवर सोडत नसे.

ही लय अच्युत घेई गंगाधरच्या उजव्या पायाकडून. गंगाधर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, बीरगांवात राहणारा, कारखान्यात फिटर आणि ऑर्केस्ट्रात ड्रमवर. मोठ्या ढोलाच्या, पायानं दाबायच्या पट्टीवर गंगाधरचा पाय पडला की तिकडं बघून अच्युत आपला पाय बटणावर टेकवी. पुढं धून संपेपर्यंत बघायचं काम नाही, इतका त्या पायावर भरवसा.

त्या वर्षी हिरालालनं कुठल्या कुठल्या ओळखी काढून राज्याच्या स्थापना दिनाला भरणाऱ्या राज्योत्सवाच्या मंचावर अर्धा तास मिळवला. आजवर लग्नाच्या पंगतीत वाजवलेली माणसं ती. सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. आणि नेमका तेव्हाच अच्युतचा इको बिघडला. पहिलं कडवं सुरेख जाई. दुसऱ्यात परत येणारा सूर घाई करू लागे, आणि तिसऱ्यात तर फळीवरची भांडी घरंगळावी तसा सगळा गोंधळ. की-बोर्डवाला, बेसवाला, सगळे वळून अच्युतकडे बघत. मशीन जुनं झालं, भैया, बदलून टाका, असं हिरालाल सांगून चुकला.

अच्युतनं पेटी घरी नेली. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदाला टेकवून लय भरली, एकच तार पुन्हा पुन्हा छेडत चांगला अर्धा तास तपासत बसला. इको काट्यासोबत चाले, केसभर हलेना. बायको विजया आधी त्या टिकटिकीला वैतागली, मग स्वयंपाकघरातून म्हणाली, "घड्याळ बरोबर, मशीन बरोबर. मंग बिघडलं कोण?"

 कोण बिघडलं ते अच्युतला त्या क्षणी समजलं होतं, आणि समजायला नको होतं.

पुढच्या रविवारी त्यानं नीट पाहिलं. गंगाधरचा उजवा पाय उशिरा उठत होता, उशिरा पडत होता. फार नाही, जरासा. पण हात पायाला सांभाळून घेत, बेसवाला हाताला, की-बोर्डवाला बेसला. सगळे मिळून गाडं हळू करत, म्हणून कोणाला पत्ता नव्हता. पेटी तेवढी कोणाची भीडभाड ठेवत नव्हती, आणि सगळ्यांविरुद्ध एकटी पडल्यामुळे तीच खोटी ठरत होती.

सांगावं का? अच्युतनं आठ दिवस डोकं खाजवलं. कारखान्यानं गंगाधरला आधीच मशीनवरून उचलून स्टोअरमध्ये बसवलं होतं. त्याच्याजवळ उरला होता फक्त हा ड्रम. हिरालाल माणूस वाईट नव्हता, पण राज्योत्सव गळ्याशी आलेला. कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी भनपुरीहून कोणीतरी पोट्टा आणून बसवला असता. दोस्ताचं ते एवढंसं सुख आपल्या तोंडानं काढून घ्यायचं अच्युतच्या जिवावर आलं. म्हणून त्यानं युक्ती काढली. गंगाधरचा पाय जसजसा मागं पडे, तसतसा अच्युत बटणावर पुन्हा पाय टेकवून पेटीला मागं ओढी. दर चार ओळींनी, मग दर दोन ओळींनी.

इको सांभाळला, पण अच्युत गेला कामातून. डोळे गंगाधरच्या पायावर, पाय बटणावर, मग बोटांकडे बघायचं कोणी? सूर सुटू लागले. जिथं त्याच्या धुनेला टाळ्या पडायच्या तिथं लोक जांभया देऊ लागले. हिरालाल चारचौघांत बोलला, बेसवाला मागून हसला. एका रविवारी चहा पिताना खुद्द गंगाधर म्हणाला की तुझं लक्ष कुठं असते बे आजकाल. अच्युत म्हणाला, वय झालं. घरी येऊन त्यानं गिटार पलंगाखाली सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. राग आला होता, आणि कोणावर काढावा तेही कळत नव्हतं.

असे दोन महिने गेले. राज्योत्सवाला तीन आठवडे राहिले तेव्हा हिरालालनं तालमीतच निकाल लावला. एक तर हे मशीन बंद करा, नाहीतर धून काढून टाकू आणि की-बोर्डनं सुरुवात करू. अच्युतनं वाद घातला नाही. चूक माझीच आहे, माझा पाय आता बसत नाही, असं म्हणून तो वायर उपटायला खाली वाकला. त्याला वाटलं, सुटलो एकदाचा.

"वायर राहू दे," गंगाधर म्हणाला.

अच्युत वाकलेलाच राहिला.

"आधी एका धुनेत तू चारदा पाय टेकवत होता. आज एकोणचाळीसदा टेकवला. मी ड्रमवाला आहो बे, मोजणं माझं कामच आहे. दोन महिने झाले, मी मोजून राहिलो."

 

"आता तू असं कर," गंगाधर म्हणाला. "सुरुवातीले माझ्या पायावर लय धर, अन् मंग तुझा पाय उचलून घे. मले ऐकू दे, मी किती मांगं पडतो."

नको म्हणायची अच्युतची हिंमत झाली नाही. त्यानं लय भरली आणि पाय बाजूला घेतला. बाकीचे गप्प, वाजवणारे दोघंच. पहिलं कडवं जुन्या दिवसांसारखं गेलं. फटीत सूर, सुरात फट, कुठं धक्का नाही. दुसऱ्यात इको पुढं निघाला. गंगाधर दात आवळून, मांडीला जोर देऊन त्याला गाठू पाहत होता. अच्युतला ते बघवेना, पण त्यानं पाय हलवला नाही. तिसरं कडवं सुरू व्हायच्या आत गंगाधरनं काठ्या मांडीवर ठेवल्या.

"हव," तो म्हणाला. "लयच मांगं आहो."

मग त्यानं सांगितलं. साखर वाढलेली. आधी अंगठा बधिर झाला, मग टाच. चप्पल पायातून निघून जाते, कोणी मागून हाक मारली तर समजते.

"तर सांगितलं काहून नाही?" अच्युत ओरडलाच.

"तुले दिसून राहिलं होतं. तू काहून नाही बोलला?"

 दोस्ताची जागा वाचवतो म्हणून दोन महिने अच्युतनं शिव्या खाल्ल्या, मनातल्या मनात स्वतःला मोठा समजला, आणि त्या पायाला झालं काय, हे एकदाही विचारलं नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यानं गिटार गाठीवर ठेवली, गंगाधरच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, डॉक्टरकडे चाल, आताच चाल.

गंगाधर भिंतीला धरून जिना उतरला. खाली मोटारसायकलजवळ आल्यावर त्यानं खिशातून चावी काढली आणि अच्युतच्या हातात दिली.

"तूच चालव," तो म्हणाला. "चार महिने झाले, ब्रेक दाबला का नाही दाबला, मले समजत नाही. अन् नातीले रोज शाळेत सोडून राहिलो मी हिच्यावर."