उसन्या

मी देव बनवते. मातीचे नाहीत, दगडाचेही नाहीत, कागदावरचे. आमची कंपनी खेळांची जाडजूड पुस्तकं काढते. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, कुणी योद्धा होतं, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि एक जण पुस्तकातलं वाचून दाखवत बाकीच्यांना कुठल्या कुठे फिरवून आणतो. फासे पडतात, माणसं पटापट मरतात, मग मेलेले आणि जिवंत मिळून चहा पितात. त्या जगाला देव लागतात आणि ते पुरवायचं काम माझं. लोक विचारतात, "हे खरंच काम आहे?" आहे बाबा. तुम्हाला नाही कळलं तर राहू द्या.

या खेपेला नव्या जगासाठी अख्खं देवघराणं हवं होतं. पुलांचा देव झाला, तो ओलांडणाऱ्याची सावली ठेवून घेतो. मिठाची देवी झाली, तिला माणसाच्या घामावरून खोटं कळतं. आमच्या संपादकीणबाईंचा एकच हट्ट असतो, प्रत्येक देवाला पळवाट पाहिजे. "ज्याच्यातून सुटताच येत नाही असा देव मला नको," त्या म्हणतात. "खेळणाऱ्याने काय नुसतं रडत बसायचं?" मी त्यांच्याशी कडाकडा भांडते आणि मग निमूट पळवाट लिहून देते.

मग मी उसन्या बनवला. उसनं तोंड घेऊन फिरणारा देव. नेलेलं तोंड तो परत करत नाही. आमचे नकाशे काढणारा सहकारी, ज्याला आम्ही दाढी म्हणतो, तो वाचून म्हणाला, "अगं बाई, हा माझ्या घरात नको." मला केवढा आनंद झाला! पळवाट तेवढी सुचत नव्हती.

आता आमच्या कामाची एक पद्धत आहे. हे सगळं टेबलावर कुणीतरी मोठ्याने वाचणार, म्हणून लिहिताना आपणही मोठ्याने वाचायचं. वाक्य कानाला बोचलं की बदलायचं. मी घरूनच काम करते आणि नुसतं वाचत नाही, आवाज काढते. उसन्याला मी खालच्या पट्टीतला, गोड, घाई नसलेला आवाज दिला होता. "ज्याच्यावर तुझा जीव, त्याचं तोंड लावून मी येतो. तुझ्या घरात राहतो. तुला माझ्या हाताने भरवतो. आणि ज्याचं तोंड घेतलं, तो माझ्याकडे असतो." दहादा वाचलं असेल. शेजारच्या खोलीत आई खुर्चीत बसून चिंध्यांच्या घड्या घालत होती.

आईला विसरण्याचा आजार आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, बाबा गेले हे आठवत नाही, टीव्ही बंद कसा करायचा ते आठवत नाही. काहीच टिकत नाही म्हणून मी निर्धास्त होते. आणि टिकलं ते काय, तर उसन्या! कप्पाळ माझं.

परवा दुपारी मी सूपचा वाडगा घेऊन गेले तर तिने तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, चव आवडली नसेल. मीठ घातलं, परत नेलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात तिथेच थांबला. घरात शिरलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. अनोळखी सुद्धा नाही, ज्याचा राग येऊ द्यायचा नाही अशा माणसाकडे. ती अगदी नम्रपणे म्हणाली, "नको. भूक नाही." माझी आई जन्मात माझ्याशी नम्रपणे बोलली नव्हती.

संध्याकाळी गोळ्या थुंकल्या. काल पाणीसुद्धा नाही. शेजारच्या वहिनींना बोलावलं, त्या बिचाऱ्या लाडीगोडी लावून थकल्या. आईने त्यांच्या कानाला लागून सांगितलं, "तुम्ही निघा इथून. ती माझी मुलगी नाही. तिचं तोंड लावून आलाय तो." वहिनींनी ते मला जिन्यात सांगितलं, ओढूनताणून हसत. शब्दन् शब्द माझा होता.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. "हृदयाच्या गोळ्या आहेत, चुकवून चालणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि पाणीही नाही म्हणता? आज दुपारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर सरळ भरती करा." भरती! मागच्या वेळी आठवडाभर ठेवलं होतं तर हात बांधावे लागले होते तिचे. परत आली ती निम्मी होऊन आली. या वेळी गेली तर परत येणारच नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी चिडले. घाबरले की मी चिडते, स्वभावच आहे. "आई, पुरे हं आता! मी आहे, मी!" म्हणून ओरडले. ती कपाटाला चिकटून उभी राहिली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मारतील म्हणून. मला स्वतःचीच भीती वाटली. मी बाहेर येऊन टेबलाशी बसले, आणि समोर उसन्याचं पान उघडंच होतं. पळवाटेची जागा रिकामी.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. देव मी बनवलाय ना? मग पळवाटही मीच देणार. आणि आईला कळेल अशी देणार. आई उभं आयुष्य शिवणकाम करत आली. बायकांचे कपडे शिवायची. नाव विसरेल पण माप विसरणार नाही अशी तिची ख्याती. गल्लीतल्या बायकांची मापं अजून झोपेत बडबडते. मी घसा साफ केला, तोच गोड आवाज लावला आणि तिला ऐकू जाईल असं वाचलं, "उसन्याला तोंड घेता येतं. पण अंगाचं माप घेता येत नाही. मापात तो पकडला जातो."

आत ती पुन्हा चिंध्यांच्या घड्या घालायला लागली होती, ते थांबलं. मी परत वाचलं. थोड्या वेळाने दारात आई. गळ्यात टेप. किती महिन्यांनी तिची नजर अशी धारदार दिसली! "उभी राहा," ती म्हणाली. मी उभी राहिले. जीव भांड्यात पडला म्हणेपर्यंत तिने टेप लावलीसुद्धा.

"शोल्डर चौदा," ती पुटपुटली. बरोबर आलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बाही..." तीही बरोबर. मी श्वास धरून उभी. मग तिने कंबरेला टेप गुंडाळली, वाकून पाहिलं, सैल करून पुन्हा पाहिलं.

"अठ्ठावीस पाहिजे," ती म्हणाली.

अठ्ठावीस! कॉलेजात होते तेव्हाचं. आणि आता टेप छत्तीसवर. मला आधी हसूच आलं. "आई, अगं, मी जाड झालेय! दिवसभर बसून काम, काय होणार दुसरं?"

"माझी मुलगी जाड नाही," आई म्हणाली. टेप तिच्या हातातून सुटली. ती एक-एक पाऊल मागे सरकत गेली, आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. माझीच पळवाट माझ्या अंगाशी आली. आता तिला शंका नव्हती, पुरावा होता. आणि पुरावा मीच हातात दिला होता.

मला वाटलं आता किंचाळेल. किंचाळली नाही. खुर्चीचा आधार घेऊन ती उभी राहिली, पदर सारखा केला, आणि आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलत आली त्या आवाजात म्हणाली, "हे बघ. तू देव आहेस, मला तुझ्याशी भांडायचं नाही. कुठे ठेवलंयस तिला?"

मी खाली पडलेली टेप उचलली.

"ती तापट आहे," आई म्हणाली. "उलट बोलेल. तिला मारू नकोस, ती घाबरली की तशी बोलते. मनात काही नसतं तिच्या. आणि अंधारात ठेवू नकोस. मोठी झाली तरी अंधाराला भिते, सांगत नाही कुणाला." तिने हात जोडले. "मला ने ना. माझं काय, झालंय सगळं. तिला सोड."

मी कुणालाच सांगितलं नव्हतं अंधाराचं. तिलाही नाही. मला रडायला येत होतं, मिठी मारावीशी वाटत होती, पण मी एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन मागे जात होती. टेबलावर आज पुन्हा केलेलं सूप गार होत होतं. घड्याळात दुपार झाली होती. आणि मग मी ते केलं. कसं केलं, माझं मला माहीत नाही. तो आवाज लावला.

"सोडतो," मी म्हणाले. "आधी हे सगळं संपव. गोळ्या पण."

माझ्याच अंगावर काटा आला. आईने मात्र लगेच वाडगा ओढला. चमच्यामागून चमचा, गिळताना ठसका लागला तरी थांबली नाही. गोळ्या घेतल्या, पाण्याचा ग्लास रिकामा केला, आणि शाळेत पाटी दाखवतात तसा वाडगा माझ्यापुढे तिरका करून दाखवला. "झालं. आता सोड."

सुटले, असं मला वाटलं. गोळ्या पोटात गेल्या होत्या, भरती टळली होती. आता काय, बाहेर जायचं, बेल वाजवायची आणि मी म्हणून आत यायचं. किती सोपं! मी सूप परत वाडग्यात भरून ठेवलं, शेजारी ब्रेड ठेवला, म्हणजे नंतर मीच मायेने भरवीन. "पाठवतो तिला," म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने सटकले. जिन्यावरून वळसा घालून पुढच्या दाराशी आले. केस सारखे केले. हसू चेहऱ्यावर आणलं आणि बेल वाजवली.

दार उघडलं. आईने मला पाहिलं.

"ठमे!" ती म्हणाली.

लाडाचं नाव. वर्षभरात ऐकलं नव्हतं. तिने माझे गाल धरले, कपाळ चाचपलं, दंड चाचपले, कुठे लागलंय का पाहिलं. कंबरेचं काही आठवलं नाही तिला. मी तिच्या हातांत चेहरा घालून हुंदके देत होते, "आई, आई, मीच आहे गं..."

"श्श," तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग कानाशी लागून म्हणाली, "आत येऊ नकोस. तो आत आहे."

"आई, आत कुणी नाही..."

"ऐक माझं. मी खात असले की तो गप्प बसतो. मी सावकाश खाईन. तू पळ. लांब जा, परत येऊ नकोस. कुणीही माझं तोंड लावून बोलवायला आलं तरी येऊ नकोस."

मी उंबऱ्यात पाय घालायच्या आत तिने मला ढकललं. एवढी ताकद कुठून आली तिच्यात! दार लागलं. वरची कडी, खालची कडी. मी जिन्यावरून धावत मागच्या दाराकडे गेले तर तेही आतून लावलेलं. देवाला बाहेर पडता येऊ नये म्हणून.

मी दार ठोठावलं. "आई, उघड!" आणखी जोरात ठोठावलं तर खुर्ची ओढून दाराला लावल्याचा आवाज आला. मग मी ठोठावणं थांबवलं, कारण माझ्या प्रत्येक थापेबरोबर ती तिथे आत आणखी घाबरत होती. दाराला कान लावला. वाडग्यावर चमचा वाजत होता. हळू, अगदी हळू. मध्ये थांबून आई कुणालातरी नम्रपणे म्हणाली, "थांब हं, अजून संपलं नाही."