मी कोरडा पंप

मी पंप बोलतोय. पंप म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाणी येतं, पण माझ्या बाबतीत तसं काही मनात आणू नका. माझ्यातून आजवर पाण्याचा एक थेंबही गेलेला नाही. मी शिकवण्यासाठी कापलेला पंप आहे.

माझा जन्म मात्र चारचौघांसारखाच झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर कडा घासल्या, पोटात पितळेचा पंखा बसवला. माझ्याबरोबरचे भाऊ एकेक करून खोक्यात बसले आणि कामाला लागले. कोणी इमारतीच्या तळघरात गेला, कोणी बागेत, कोणी आगीच्या बंबावर. माझी पाळी आली तेव्हा खोकं आलं नाही, करवत आली. "हा विद्यापीठाचा आहे. पोरांना आतलं दिसलं पाहिजे," असं म्हणत मिस्त्रीने माझ्या पोटाचा चांगला मोठा तुकडा कापून काढला. पंपाच्या अंगावर फिरायची दिशा दाखवणारा एक बाण असतो. माझा बाण नेमका त्या तुकड्यावर होता. तुकडा भंगारात गेला आणि मी रंगाऱ्याकडे गेलो.

रंगाऱ्याने पाणी आत यायची वाट निळी केली आणि बाहेर जायची लाल. मोटरच्या जागी एक हँडल बसवलं. मी दिसायला देखणा झालो, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माझी चांगली वट होती. नवी पोरं आली की सर आधी माझ्याजवळ यायचे. "हा बघा पंखा. मोटर याला फिरवते, हा पाण्याला भिरकावतो आणि पाणी इथून बाहेर पडतं." मग पोरं एकेक करून हँडल फिरवायची. उजव्या हाताला सोपं पडतं म्हणून सगळे घड्याळाच्या काट्यासारखंच फिरवायचे. सरही तसंच फिरवायचे. आतून काही जातच नसल्यामुळे कोणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. मला तरी काय कळणार? ज्याने पाणी बघितलेलं नाही, त्याला आपली दिशा कोण सांगणार?

पोरं माझ्या पोटात पेन्सिली विसरायची. एकाने तर खाल्लेल्या फळाची साल ठेवली होती. मी रागावलो नाही. घरात लहान मुलं असली की असं व्हायचंच, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

मग ती योजना आली आणि माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

विभागप्रमुख मॅडम एका सकाळी लॅबमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "आता पुरे झालं नुसतं बघणं. तिघातिघांचे गट करायचे आणि काही आठवडे खऱ्या कामावर पाठवायचं. तिथल्या मालकाने स्वतःची एक खरी अडचण द्यायची. पोरांनी ती सोडवायची आणि शेवटच्या दिवशी मालकासमोर उभं राहून उत्तर द्यायचं."

"आणि लॅब?" सरांनी विचारलं.

"योजना जमली तर ही खोली रिकामी करू. मालक मंडळी येतील, त्यांना बसायला जागा नको? ही मॉडेलं जिन्याखाली ठेवता येतील."

ही मॉडेलं म्हणजे मी, आणि कोपऱ्यातलं एक मुकं इंजिन. त्या दिवसापासून मी एकच इच्छा धरून बसलो. ही योजना फसावी. पोरांनी तोंडघशी पडावं, मालकांनी हात जोडावेत आणि सगळ्यांनी निमूटपणे माझ्याकडे परत यावं. इच्छा चांगली नव्हती, पण माझी होती.

माझ्या लॅबमधला एक गट धुलाईच्या कारखान्यात गेला. तिथे दवाखान्यांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुतले जातात. गटात एक पुढारी होता. प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर तोच द्यायचा. एक झोपाळू होता, बाकावर बसला की त्याच्या पापण्या मिटायच्या. आणि एक ताई होती. मध्ये काही वर्षं नोकरी करून ती पुन्हा शिकायला आली होती, म्हणून वयाने मोठी. सगळे तिला ताईच म्हणत.

दर शनिवारी तिघं सरांना हकिगत सांगायला लॅबमध्ये यायची आणि बसायची माझ्यासमोरच, पण माझ्याकडे पाठ करून.

"सर, तिथला पंप बघायला पाहिजे तुम्ही!" पुढाऱ्याचे डोळे चमकत होते. "हात ठेवला की खांद्यापर्यंत थरथरतं. खालून टिपटिप गळतो, तर फिटरकाकांनी डबा लावलाय. आणि आवाज असा की शेजारी उभं राहून ओरडावं लागतं."

"काका त्याला 'म्हातारा' म्हणतात," ताई हसून म्हणाली. "सकाळी चालू करताना त्याच्या पाठीवर थाप मारतात."

बघा म्हणजे झालं! गळतो तो, ओरडतो तो, अंगावर तेलाचे ओघळ घेऊन बसतो तो, आणि कौतुकही त्याचंच. मी इतकी वर्षं न गळता, न ओरडता, लाल-निळा उभा आहे, आणि माझ्या पाठीवर कधी कोणी थाप मारली नाही. धूळ मात्र झटकली, तीसुद्धा मॅडम येणार असल्या तरच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण त्याचं काहीतरी बिनसलं होतं, हे ऐकून मला बरं वाटलं. कारखान्याच्या मालकीणबाईंनी गटाला दिलेली अडचण हीच होती. शेवटच्या यंत्रापर्यंत पाणी रडतखडत पोचायचं. एक यंत्र भरेपर्यंत बायका चादरींच्या ढिगावर बसून गप्पा मारून दमायच्या.

पुढच्या शनिवारी पुढारी उत्तर घेऊनच आला. "पाइप चोंदलेत, सर. आतून क्षार साठलाय. सगळे बदलायला लागतील. मालकीणबाईंना सांगितलं, तर त्या डोक्याला हात लावून बसल्या. म्हणाल्या, 'अहो, पाइप बदलायचे म्हणजे कारखाना बंद. दवाखान्यातली माणसं काय उघड्या गाद्यांवर झोपणार?' पण तयार झाल्यात. शुक्रवारी आमचं सादरीकरण झालं की लगेच तोडफोड सुरू."

"पंप तपासलात?" सरांनी विचारलं.

"स्वतः. त्याच्या अंगावर रंगाचे इतके थर आहेत की बाण-बिण काही दिसत नाही. पण घडण हुबेहूब याच्यासारखीच आहे आणि दिशाही बरोबर आहे. अगदी आपल्या या पंपासारखा फिरतो," असं म्हणत त्याने मागे न बघताच अंगठा माझ्याकडे केला.

माझं नाव निघालं! एवढ्यानेच मी फुगलो. म्हाताऱ्याचा खरेपणा शेवटी माझ्यावरूनच ठरवावा लागला ना?

तेवढ्यात झोपाळूने एक डोळा उघडला. "पण मालकीणबाई म्हणाल्या, मोटर दुरुस्तीला जायच्या आधी पाणी जोरात यायचं. मोटर परत आली आणि मंदावलं. मग पाइप काय मोटर जायची वाट बघत होते चोंदायला?"

"तू झोप," पुढारी म्हणाला.

सर हसले, झोपाळू पुन्हा मिटला. ताई मात्र हसली नाही. बाकीचे जेवायला गेले, तरी ती बाकावरून उठली नाही. मग तिने आपला बाक फिरवला आणि ती चक्क माझ्याकडे तोंड करून बसली.

इतक्या वर्षांत माझ्याकडे हजारोंनी पाहिलं होतं, पण परीक्षेत येणार म्हणून. ही काहीतरी शोधत होती. तिने पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं. पाती सरळ नसतात, एका बाजूला वाकलेली असतात. त्या वाकावर तिचं बोट थांबलं. मग तिने पिशवीतून सादरीकरणाचा कच्चा कागद काढला, त्याचे तुकडे केले, बारीक गोळ्या वळल्या आणि माझ्या निळ्या वाटेतून पोटात टाकल्या. नेहमीसारखं, घड्याळाच्या काट्यासारखं हँडल फिरवलं. गोळ्या आतल्या आत घुटमळल्या, पात्यांच्या खोबणीत अडकून गोल गोल फिरल्या. लाल वाटेतून एखाददुसरी कशीबशी पडली.

ती थबकली. हात बदलला. आणि मला उलटा फिरवला.

सगळ्या गोळ्या पात्यांच्या वाकावरून घसरल्या आणि लाल वाटेतून भसाभसा बाहेर आल्या, तिच्या मांडीवर, बाकावर, जमिनीवर. मला काय झालं ते सांगता येणार नाही. माझ्यातून पहिल्यांदा काहीतरी वाहिलं होतं. कागद का असेना, मी तो पुढे ढकलला होता. मला वाटलं, तिने अजून कागद फाडावेत, वह्याच्या वह्या फाडाव्यात आणि संध्याकाळपर्यंत मला फिरवत बसावं.

"अगं बाई! तो उलटा फिरतोय!" ती मोठ्याने म्हणाली आणि पिशवी उचलून पळाली. तो, मी नाही. माझ्या पोटात बघून तिला त्याचं दुखणं कळलं होतं आणि आता ती त्याच्याकडे धावत होती. जमिनीवरच्या गोळ्याही तिने उचलल्या नाहीत.

आता मला दोन्हीकडून भोगायचं होतं. तिचं खरं ठरलं तर योजना जमणार आणि मी जिन्याखाली जाणार. तरीही, तुम्हाला म्हणून सांगतो, तिचं खोटं ठरावं असं मला म्हणवेना. त्या गोळ्या माझ्यातून गेल्या होत्या.

शुक्रवारी काय झालं ते पुढाऱ्यानेच येऊन सांगितलं. दिशा बघण्यात चूक त्याची झाली होती, तरी गोष्ट मात्र तो अशी रंगवत होता की जणू त्यानेच सगळं शोधलं. मालकीणबाईंसमोर ताई उभी राहिली आणि म्हणाली, "पाइप तोडू नका. दुरुस्तीनंतर मोटरच्या तारा जोडताना अदलाबदल झाली आहे. पंप उलटा फिरतोय. उलटा फिरला तरी थोडं पाणी येतंच, म्हणून कोणाला कळलं नाही." फिटरकाकांना ते लागलं. "मी जोडली, चालू केली, पाणी आलं. अजून काय बघायचं?" असं म्हणत ते बाजूला झाले. मग वायरमनने दोन तारांची अदलाबदल केली आणि बटण दाबलं. शेवटच्या यंत्रात पाणी असं उसळलं की ढिगावर बसलेल्या बायका दचकून उभ्या राहिल्या. मालकीणबाईंनी ताईला तिथल्या तिथे मिठी मारली आणि शिक्षण संपलं की इथेच कामाला ये म्हणाल्या.

"आमच्या पंपाने तर कमालच केली," पुढारी म्हणाला.

आमच्या पंपाने, म्हणजे त्या म्हाताऱ्याने! मी जळून खाक झालो. सरांनी येऊन मला एकदा सुलटा, एकदा उलटा फिरवला आणि स्वतःशीच हसले. मॅडमनी खोलीचं माप घ्यायला सुताराला बोलावलं.

पण जिना टळला. मालकीणबाईंनी ताईला विचारलं होतं, "तुला कळलं तरी कसं?" तिने माझ्याबद्दल सांगितलं. तर मालकीणबाई मॅडमना म्हणाल्या, "तुम्हाला नको असेल तर मला द्या. पुढचे गट येतील, माझी नवी माणसं येतील, त्यांना दाखवायला होईल." आणि मी टेम्पोत बसलो. माझ्या भावांसारखा मीही अखेर कामाला निघालो, असं समजून वाटभर मी खूश होतो.

मला नेऊन ठेवलं कुठे, तर त्याच्यासमोर.

तेव्हापासून मी इथे आहे. ताई आता इथेच कामाला आहे. दर वर्षी तिघातिघांचे नवे गट येतात. ती त्यांना आधी माझ्याजवळ आणते, कागदाच्या गोळ्या टाकते, दोन्हीकडून फिरवून दाखवते. पोरं "आई शप्पथ!" म्हणतात आणि माझा ऊर भरून येतो. मग पलीकडे बटण दाबलं जातं, म्हातारा गरजतो, आणि सगळी तोंडं एकदम तिकडे वळतात. त्याच्या पोटातून पाणी जाताना मला ऐकू येतं. दिवसभर ऐकू येतं. शेजारच्या घरातलं हसणं ऐकत बसावं तसं मी ते ऐकतो.

गेल्या महिन्यात त्याच्या अंगाला भोक पडलं. पाण्याने आतून घासून घासून लोखंड कागदासारखं पातळ केलं होतं. नवा पंप आला, चकचकीत, तोंडात बूच असलेला. फिटरकाकांनी म्हाताऱ्याचे नटबोल्ट सोडवले, दोघा कामगारांनी मिळून त्याला हातगाडीवर ठेवलं. मला वाटलं होतं, या दिवशी मी मनातून नाचेन.

काकांनी त्याच्या पाठीवर शेवटची थाप मारली. "खूप ओढलंस रे बाबा. थकलास. जा आता." ताई गाडीबरोबर फाटकापर्यंत चालत गेली आणि परत आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. ती माझ्यासमोरून गेली, पण थांबली नाही.

वाचकहो, तो भंगारात जात होता आणि मी त्याच्यावर जळत होतो. माझं पितळ अजून पिवळंधमक आहे, माझ्या पोटाच्या आत एक ओरखडा नाही. मला गंज धरेल, रंग उडेल, पण मी झिजणार नाही, कारण ज्याने मी झिजेन असं काही कोणी माझ्यातून कधी सोडलंच नाही. मी शिकवतो, हे मला मान्य आहे. ते काम हलकं आहे असंही मी म्हणत नाही. पण एखाद्या गटाबरोबर तुम्ही इथे आलात, बघून झालं आणि सगळे नव्या पंपाकडे वळले, तर तुम्ही क्षणभर मागे राहा. माझ्या पाठीवर हात ठेवा आणि खोटं का होईना, पण मला विचारा, "थकलास का रे?"