चिकटवलेलं पान

पालकसभा म्हटली की त्या शाळेत मोजकी माणसं यायची, तीही मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायची. त्या दिवशी मात्र खुर्च्या पुरल्या नाहीत. तिसरीच्या नव्या वाचनपुस्तकात 'आमची घरं' नावाचा धडा आला होता आणि त्याचा बोभाटा घरोघर झाला होता.

धडा तसा साधाच होता. एका चित्रात आजोबा नातवाला भरवत होते, एकात बाबा लेकीची वेणी घालत होते. आणि एका पानावर दोन बायका आणि त्यांचं बोट धरून चाललेली मुलगी. खाली ओळ होती, 'या माझ्या दोन आया. दोघी मला शाळेत सोडतात.'

"आज चित्र दाखवलं, उद्या काय दाखवतील?" औषधांचं दुकान चालवणारा एक पालक गरजला.

"आमची पोरं शिकायला पाठवतो आम्ही, बिघडायला नाही!" दुसऱ्या कुणीतरी सूर मिळवला.

वर्गशिक्षिका उभी राहिली. वयाने लहान होती, पण धीटपणे म्हणाली, "मुलं वर्गात प्रश्न विचारतातच. त्यांना नीट उत्तर मिळावं म्हणून..."

"आधी या बाईलाच घरी बसवा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

मग पालक संघाचा अध्यक्ष उठला. शाळेसमोरच्या गल्लीत त्याचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता, म्हणून सगळे त्याला बाइंडर म्हणत. बोलायला फर्डा, मदतीला पुढे, शाळेचं कुठलंही काम अंगावर घेणारा.

"ते पान कापून काढलं, तर त्याच कागदाचं जोडीचं पान सुटून येईल," तो म्हणाला. "पुस्तकं माझ्याकडे पाठवा. ते पान मागच्या पानाला असं चिकटवून देतो, की पुन्हा कुणाच्या नजरेला पडायचं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापिकेने पालकांच्या भावनांचा आदर वगैरे दोन वाक्यं बोलून सभा संपवली.

आता या बाइंडरच्या घरची हकिगत सांगायला हवी. आईवडील लवकर गेले, तेव्हा मोठ्या बहिणीने त्याला वाढवलं. ताई दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, रुग्णांकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायची. तिच्यासोबत घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई राहायची. बाइंडर शाळकरी असल्यापासून तिला मावशी म्हणत आला होता. सायकल त्याला मावशीने शिकवली, दहावीला त्याच्यासोबत मावशी जागली. कुणी विचारलं तर तो सांगायचा, "ताईची मैत्रीण. दोघी एकमेकींच्या सोबतीला राहतात." खरं काय ते त्याला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि तोंडाने म्हणणं यात अंतर असतं, आणि त्या अंतरावर तो वर्षानुवर्षं आरामात राहत होता.

त्याची मुलगी चिमणी तिसरीतच होती. तो आणि बायको दोघंही कामावर, म्हणून शाळा सुटली की मावशी तिला घेऊन जायची. चिमणी रांगायला शिकली तीही त्यांच्याच घरात.

पुस्तकं आली त्या दिवशी चिमणी कारखान्यात होती. बाप ब्रशने खळ लावून पान दाबतोय हे ती बघत राहिली.

"बाबा, हे का चिकटवताय?"

"चांगलं नाहीये ते."

तिने चित्राकडे निरखून पाहिलं. "हे तर आत्या आणि मावशीसारखं आहे!"

"गप्प बस!" तो इतक्या जोरात खेकसला, की हातातला ब्रश खाली पडला. "असलं बाहेर कुठे बोलायचं नाही. कळलं?"

चिमणीला कळलं. फारच नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मावशीने हात पुढे केला, तो तिने धरला नाही. आजूबाजूला बघत दबक्या आवाजात म्हणाली, "तू मला घ्यायला येत जाऊ नकोस. बाबा म्हणतात तुमचं घर चांगलं नाहीये. मुलं मला हसतील." मावशी अंतर राखून तिच्या मागून चालत राहिली, तिला तिच्या आईच्या ऑफिसात पोचवलं आणि घड्याळांच्या दुकानात न जाता सरळ घरी जाऊन पडून राहिली.

संध्याकाळी ताई कारखान्यात आली. कामावरचा पांढरा कोट अजून अंगावरच होता. बाइंडरने कामगारांना बाहेर पाठवलं.

"पोरीला काय सांगितलंस?"

"ताई, ते तुमच्याबद्दल नव्हतं. मुलं लहान आहेत गं. शाळेत लिहायवाचायला शिकवावं, गणित शिकवावं. हे घरातलं घरात..."

"पहिलीच्या पुस्तकात राजकन्येचं लग्न लागतं, तेव्हा मुलं लहान नसतात?" ताईने पुस्तक उचललं. "दोन बायका पोरीला शाळेत सोडतायत. तुझ्या पोरीला कोण आणतं रे शाळेतून? यात झाकण्यासारखं काय दिसलं तुला?"

"लोक काय म्हणतील याचाही विचार..."

"लोक? अरे, त्या लोकांचा अध्यक्ष तूच आहेस!"

 ताईचा आवाज चढला नाही, पण त्यातली धार कमी झाली नाही.

"धडा वाचून मुलं बिघडतात म्हणता तुम्ही. चिमणी आमच्या मांडीवर वाढली, तिचं काय बिघडलं? ती बिघडली ती या चिकटवलेल्या पानाने. जिने तिला भरवलं, तिचीच लाज बाळगायला शिकली! आणि त्या वर्गात उद्या आमच्यासारखंच निघणारं एखादं पोर बसलं असेल. ते हे पान बघून काय समजेल? आपल्यासारख्यांना लपवून ठेवतात, एवढंच ना? मी तशीच मोठी झाले रे. तुला काय माहीत ते काय असतं!"

दारापर्यंत जाऊन ती वळली. "पोरीला आता आमच्याकडे पाठवू नकोस. आधी तू निस्तर, मग बघू."

आठवड्याभरात पुन्हा सभा भरली. 'हे पान का चिकटवलंय?' असं एका मुलाने विचारलं होतं आणि वर्गशिक्षिकेने खरं उत्तर दिलं होतं. तिला काढून टाका, ही मागणी अध्यक्षाने मांडायची असं ठरलं होतं.

बाइंडर उठला. 

"बाईंचं काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "चुकलोय मी. मी ज्या घराचं चित्र चिकटवून टाकलं, तसं घर माझं आहे. माझी ताई आणि तिची जोडीदार. हो, जोडीदार! मैत्रीण नव्हे. त्या दोघींनी मला वाढवलं, आणि मी त्यांच्यावर खळ फासली!"

सभागृह पेटलं.

"म्हणजे तुझ्या घरातली घाण आमच्या पोरांच्या माथी मारतोस!" औषधवाला टेबलावर मूठ आपटत ओरडला. "राजीनामा दे!" "खाली बसवा त्याला!" जे हात टाळ्या वाजवत होते, तेच आता त्याच्याकडे बोटं रोखत होते. पहिल्या सभेत वर्गशिक्षिकेला काय वाटलं असेल, हे त्याला त्या वेळी समजलं.

गोंगाटात एका मुलाची आई उठली. "माझ्या भावाला आम्ही असंच बोलून घराबाहेर काढलं," ती म्हणाली. "तो कुठे आहे, आम्हाला माहीत नाही. या बाईंना राहू द्या." एवढं बोलून ती रडत खाली बसली. बाकी कुणी उठलं नाही.

बाइंडरने राजीनामा दिला. मुख्याध्यापिकेने निर्णय पुढे ढकलला आणि वर्गशिक्षिकेची नोकरी कशीबशी वाचली. पान ज्याला हवं त्याने सोडवून घ्यावं, असं शाळेने जाहीर केलं. निम्म्याहून कमी पुस्तकं आली. बाइंडरने ओल्या फडक्याने एकेक पान अलगद सोडवलं. डाग राहिले. ते जाणार नव्हते. काही नेहमीची गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच.

मग तो चिमणीला घेऊन ताईच्या दारात गेला. मावशीने दार उघडलं.

"मावशी, मी चुकले," चिमणी पुटपुटली.

"तू नाही गं चुकलीस," मावशी म्हणाली आणि तिने बाइंडरकडे पाहिलं.

"मी चुकलो, मावशी."

ती मग बाजूला सरून म्हणाली, "दारात उभे राहू नका." ताई मात्र आतल्या खोलीतून लगेच बाहेर आली नाही, आणि ती येईपर्यंत थांबायचं हे त्याला समजलं होतं.

वाचकहो, आपणही पालक आहोत. शाळेच्या पुस्तकात काय असावं यावर आपण तावातावाने भांडतो, आणि त्या पुस्तकात स्वतःचं घर शोधणारं पोर वर्गातच बसलंय हे विसरतो. पान झाकल्याने माणसं नाहीशी होत नाहीत. मुलं फक्त एवढंच शिकतात की कुणाची लाज बाळगायची, आणि कधीकधी ती लाज त्यांची स्वतःचीच असते. तेव्हा मुलांना खरं जग दाखवू या, सगळ्या घरांसकट!