अस्तरातलं बी

आई गेल्यावर थोरल्या भावाने घर घेतलं, बाग घेतली आणि भांडखोर मिरचीही घेतली. घरासाठी धाकटी बहीण, शिवणकाम करणारी शिंपीण, भांडली नाही. मिरचीपाशी मात्र तिचं डोकं सणकलं.

बोटाएवढी, काळपट जांभळी, आभाळाकडे तोंड करून ताठ उभी राहणारी ही मिरची. भांडखोर हे नाव आईनेच ठेवलेलं. मागेल त्याला ती बी द्यायची. राखलं मात्र कुणीच नाही, म्हणून शेवटी ते एकट्या तिच्याच बागेत उरलं.

"दादा, चार मिरच्या दे. बियाण्याला."

"घरातलं बी घराबाहेर जाणार नाही."

"आणि मी कोण? रस्त्यावरची?"

"तू लग्न करून गेलीस. नवऱ्याला सोडून आलीस तीही भाड्याच्या खोलीत. तुझा काय संबंध? हे घे, नाहीतर गावभर सांगत फिरशील, काही दिलं नाही म्हणून." आणि आईचा जुना लोकरी कोट त्याने तिच्या अंगावर भिरकावला.

तिने कोट उचलला, पण हट्ट सोडला नाही. भाऊ हॉटेलांना वाळकी मिरची विकायचा. तीच तिने बाजारातून आणली आणि ओल्या फडक्यात बी घातलं. एकालाही कोंब नाही. पुन्हा आणली, पुन्हा तेच.

मसाला दळणारा म्हणाला, "ताई, कशाला जीव जाळताय? तुमचा भाऊ माल भट्टीत शेकून आणतो. कुणी लावू नये म्हणून."

म्हणजे बी नुसतं लपवलं नव्हतं, मारलं होतं. दरवर्षी, पोतीच्या पोती. त्या दिवशी शिंपिणीने मशीन अशी चालवली की तीन सुया मोडल्या.

थंडी पडली तसा तिने कोट बाहेर काढला. खांद्यात सैल होता, म्हणून अस्तर उसवायला घेतलं. काखेखाली काहीतरी कडक लागलं. आतून एक पुरचुंडी शिवलेली, टाके आईचेच, तिरके. लोकरीला कसर लागू नये म्हणून आई कोटात मिरची ठेवायची, हे भाऊ विसरला होता. खरं म्हणजे तीही विसरली होती.

आत चार मिरच्या. भट्टी न पाहिलेल्या.

धड राहिलेल्या सव्वीस बियांतून तीन उगवल्या. फुलं आली तेव्हा दुसऱ्या मिरचीचे पराग मिसळू नयेत म्हणून तिने मच्छरदाणीच्या तुकड्यांची झबली शिवून रोपांना घातली. मिरच्या धरल्या, पिकल्या, खिडकीत वाळल्या.

तेवढ्यात भाऊ दारात.

"कुठून चोरलंस?"

"तूच दिलंस."

"मी? वेड लागलंय का तुला?"

"कोट नाही का दिलास? आहेर केल्यासारखा, अंगावर फेकून."

त्याचा चेहरा उतरला. मग आवाज चढला. "हे बी कुणाला दिलंस तर बघ!"

"बघ ना. ये, बस. स्टूल घे."

शिवून तयार कपड्यांची चळत तिने पुढ्यात ओढली. पोस्टमनची पँट. नर्सचा कोट. मास्तरीणबाईंचं जाकीट. प्रत्येक खिशात कागदाची पुडी, पुडीत पाच बिया, आणि पडू नये म्हणून खिशाच्या तोंडाला दोन कच्चे टाके. एका झग्याला खिसाच नव्हता. तिने तिथल्या तिथे लावला.

"मूर्ख आहेस. निम्मे लोक तसेच धुवायला टाकतील."

"निम्मे नाही टाकणार."

"आई असती तर..."

"आईचं नाव तोंडात घेऊ नकोस. तिचं बी भाजून खाल्लंस तू."

चळतीच्या तळाशी निळा स्वेटर निघाला. भावाने तो ओळखला.

"हा तर आमच्या हिचा!"

"चेन बसवायला दिला होता वहिनीने. तिनेही तुझ्याकडे रोप मागितलं होतं म्हणे, स्वतःच्या माहेरी लावायला. तिलाही नाही म्हणालास."

तिने पाच बिया मोजल्या, पुडी खिशात सारली, दोनाऐवजी चार टाके घातले, दाताने दोरा तोडला आणि स्वेटर त्याच्या हातात कोंबला.

"घेऊन जा. तिला सांग, पाणी बेताने घाल म्हणावं."